लाल धाग्याची पिशवी

९ सप्टेंबर
धूळपेटीच्या बारा पिशव्या झाल्या एकदाच्या. अकरा माझ्या मशीनवर. बाराव्या पिशवीला सुई तुटली. दुसरी सुई कपाटात, कपाटाची किल्ली मिश्राजींच्या खिशात, मिश्राजी मंडीदीपला. चार वाजलेले. उद्या घरी महालक्ष्म्या यायच्या, सोळा भाज्या आणायच्या बिट्टनच्या हाटातून, आणि मी काय सुईची वाट बघत बसू? शेजारी शिवणारी सईदा निघून गेली होती. तिच्या मशीनवर बसले नि शिवून टाकली. तिथं मशीनच्या खोळी शिवायचा साधा सुती धागा चढवलेला होता, लाल. तीन शिलाया मारायच्या असतात, एकच मारली. बाकीच्या अकरांत ठेवून दिली. पिंजऱ्यावर चढली की कोण बघतं.

ही वही मापं लिहायला घेतलेली. मापं संपली तरी पान उरतं म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, हसणाऱ्यानं हसावं. हे तर हसतातच.

१२ सप्टेंबर
महालक्ष्म्या जेवून गेल्या. दोन दिवस कंबर टेकली नाही. आंबील थोडी पातळ झाली, सुनंदानं, म्हणजे धाकट्या जावेनं, तोंड वाकडं केलं. करू दे. तिच्या घरी बसव म्हणावं पुढच्या वर्षी.

आज सकाळी नवी मशीन कामावर गेली. अयोध्या नगरच्या बाजूला एक मोठी इमारत होते आहे, तिच्या तळघरात गाड्या लावायची जागा. सगळी फरशी खरवडायची, मग तिच्यावर दुसरे लोक रंग देणार. मशीन चालवणार वसंतभाऊजी, माझे धाकटे दीर. (पुढं व.भा. लिहीन, बोटं दुखतात.) मला या कारखान्यात त्यांनीच लावलं, सहा वर्षं झाली.

काल पंगतीत पाहुण्यांना मशीनचं सांगत होते. "आमच्या वहिनीच्या पिशवीतून धूळ काय, पाप पण बाहेर येत नाही." सगळे हसले. मी त्यांना आणखी एक पुरणाची पोळी वाढली. तेव्हा बारावी पिशवी आठवली होती. जरा वेळ. मग तूप आणायला गेले.

२० सप्टेंबर
आज पार्टी आली होती मशीन बघायला, इंदूरची. मिश्राजी मालक आहेत, स्वतः हातानं मशीन बांधतात, हात कायम काळे. पण बोलायला लागले की इंग्रजी येतं तोंडात. पार्टी नुसती मान हलवत होती. मग नेहमीसारखं मला बोलावलं, "कमल दीदी, आप समझाओ."

मी सांगितलं. पाटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, मग टाकीवाली येते आणि ठोकून ठोकून त्याला खरबरीत करते. तसंच हे. सिमेंटवर एक साय धरते, वरून चांगली दिसते, आत दम नसतो. तिच्यावर रंग लावला की वर्षात पापडासारखा उडतो. ती साय काढायची. वर डब्यात पोलादाचे दाणे, मोहरीएवढे. खाली चाक, त्याला आठ पाती. मोटार चाक फिरवते, दाणे मधोमध पडतात, पाती त्यांना फरशीवर फेकतात. असे फेकतात की साय फुटते. दाणा आपटून उसळतो, नळीतून परत वर जातो. वर वाऱ्याची फुंकर असते, सुपात पाखडतो तसं. दाणा जड, तो पुन्हा डब्यात पडतो. धूळ हलकी, ती जाड पाइपातून दुसऱ्या पेटीत जाते. त्या पेटीत माझ्या पिशव्या.

पार्टीनं विचारलं चाक हलत नाही का एवढ्या वेगात. म्हटलं समोरासमोरची पाती काट्यावर तोलून लावतात, एकसारखी. एक झिजलं तर जोडीचं पण काढायचं, ते नवं असलं तरी. आणि मशीन एका जागी उभं करायचं नाही, दाणे चालू ठेवून थांबलं तर फरशीत खड्डा पडतो. चालत राहायचं, एकसारखं, नवरदेवाच्या घोड्यासारखं.

पार्टी खूश. मिश्राजी म्हणाले दीदी तुम्हाला सेल्समध्ये घालतो. सईदा मागून म्हणाली, "दीदी को सेल्स में मत डालो साहब, ये तीन कदम पीछे जाती हैं, तब एक कदम आगे." माझ्या शिलाईवर चिडवते. मी शिलाई सुरू करताना तीन टाके मागं घेते, मग पुढं जाते. माझ्या आईची सवय. सईदाला काम मीच शिकवलं, पण हे तिनं घेतलं नाही. ती सरळ सुरू करते आणि शेवटी गाठ मारते. तिची गाठ सुटत नाही, ते कबूल.

६ ऑक्टोबर
व.भा. खोकतात. सुनंदा म्हणते हवा बदलली. घटाला नमस्कार करायला आले होते, वाकले तर उठताना भिंत धरली.

म्हटलं भाऊजी, मास्क लावता ना. म्हणाले, मशीनवर लावतो. जेवताना कसा लावू? मग जे सांगितलं ते लिहिते, कारण डोक्यातून जाईना.

तळघरात हवा नाही. घुसमटतं. धूळपेटीचा पंखा साफ हवा बाहेर टाकतो, तिथं एक जाळी आहे, तिच्यासमोर तेवढं गार लागतं. काम थांबवल्यावर पेटी लगेच बंद करायची नसते, पाइपातली धूळ ओढून घ्यावी लागते. तेवढा वेळ व.भा. मास्क काढून त्या जाळीसमोर बसतात. डबा तिथंच खातात. रोज. आधीच्या मशीनवर पण असंच, आठ वर्षं.

म्हणाले, "वहिनी, दुसऱ्या कोणाच्या पिशव्या असत्या तर बसलो नसतो."

मी म्हटलं चहा घेता का.

७ ऑक्टोबर
पिशवी कशी काम करते ते मला कोणी शिकवायला नको. नमद्यासारखं जाड कापड. तारेच्या पिंजऱ्यावर उशीला अभ्रा घालतात तशी चढते. धूळ बाहेरच्या अंगाला अडते, हवा आत शिरते आणि वरून निघून जाते. थोड्या थोड्या वेळानं वरून वाऱ्याचा झटका बसतो, पिशवी फटकन फुगते, धूळ खाली डब्यात पडते. दिवसातून किती वेळा फुगत असेल. प्रत्येक झटका शिलाईवर.

बारांतली एक उसवली की बाकी अकरा असून नसल्यासारख्या. वारा सोपी वाट बघतो, सगळी धूळ त्या एका भोकातून जाणार. आणि जाड दिसणारी धूळ नाही, बारीक, जी दिसतच नाही.

पण उसवली असेल कशावरून. सुती धागा पण मजबूत असतो. आमच्या लग्नातली गादी अजून आहे.

८ ऑक्टोबर
मिश्राजींना म्हटलं, एकदा तळघरातली पेटी उघडून बघा की, महिना होत आला. म्हणाले कशाला, काम थांबेल. माझ्यासमोर व.भा.ना फोन लावला, काटा कुठे आहे विचारलं. पेटीला एक घड्याळासारखं असतं, पिशव्या तुंबल्या की काटा वर चढतो. व.भा. म्हणाले काटा खाली आहे, पहिल्या दिवसापेक्षा खाली. मिश्राजी खूश. "देखा दीदी? एकदम साफ चल रही हैं आपकी थैलियाँ."

मी पण खूश झाले. खरंच सांगते, झाले. वाटेत अर्धा किलो पेढे घेतले.

१५ ऑक्टोबर
मशीन परत आली. मिश्राजींनी पेटीचं वरचं झाकण काढलं. वरचा भाग साफ असायला पाहिजे, ताटासारखा. बोटभर धूळ. पिठासारखी, राखाडी.

बारा पिशव्या काढल्या. अकरा धड. एकीची उभी शिलाई वितभर उघडी, माशाचं पोट चिरतात तशी. लाल धागा.

आमच्याकडे कोणाची पिशवी ते धाग्याच्या रंगावरून कळतं. माझा हिरवा, सईदाचा लाल. मिश्राजींनीच लावलेला नियम, दोष निघाला तर माणूस सापडावा म्हणून.

मिश्राजींनी धागा नखानं ओढला, तुटला. "सूती. सूती धागा लगा दिया. और सिलाई भी एक ही." एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं, मी पण ओरडून बोलून टाकलं असतं. मग म्हणाले आता कळलं काटा का खाली आला, भोक पडलं की दाब कुठला राहतो, मला कळायला पाहिजे होतं.

सईदाची सुट्टी होती आज. व.भा. तिथंच उभे होते, रुमाल तोंडाला.

मी तिथंच. हातात कात्री होती.

१६ ऑक्टोबर
मिश्राजींनी सईदाला फोनवरच सांगितलं. यायचं नाही. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर मिश्राजी म्हणाले, कहती है मैंने नहीं सी, सब यही कहते हैं.

ती उसवलेली पिशवी त्यांनी शिलाईच्या टेबलासमोर भिंतीवर खिळा ठोकून लटकवली. सगळ्यांना दिसावी म्हणून. सगळे म्हणजे मी. टेबलावर आता मी एकटीच बसते.

१९ ऑक्टोबर
व.भा.ना घेऊन डॉक्टरकडे गेलो, सुनंदा आणि मी. छातीचा फोटो काढला. डॉक्टरनं पहिलं हेच विचारलं, गॅसवाले आहात का, चौऱ्याऐंशीचे. भोपाळात चाळिशीच्या पुढचा माणूस खोकला की हेच विचारतात. व.भा. म्हणाले नाही, त्या थंडीत आम्ही सगळे अमरावतीला होतो, मोठ्या आत्याच्या लग्नाला. अख्खं घर वाचलं. सासूबाई होत्या तोवर दर वर्षी त्या दिवशी अंबादेवीला नारळ मानायच्या.

मला वाटलं होतं हो म्हणतील. मला वाटलं होतं काहीतरी जुनं निघेल. असं वाटलं मला. लिहून ठेवते.

डॉक्टर म्हणाले काही डाग जुने आहेत, आठ वर्षांचं काम आहे, बिनमास्कचं बसणं आहे. पण मधे एकदम खूप धूळ गेलेली दिसते. किती जुनी आणि किती नवी, विचारलं मी. दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले बाई, फुप्फुसावर तारीख लिहिलेली नसते. मशीन बंद. धुळीचं काम कायमचं बंद.

बाहेर सुनंदा बाकावर बसली. म्हणाली, "ताई, त्या बाईचं वाटोळं होवो."

मी तिची पिशवी उचलली आणि पुढं चालायला लागले. ती मागून म्हणत होती हळू चाला, ह्यांना दम लागतो.

२४ ऑक्टोबर
ह्यांना सांगितलं. सगळं. सुईपासून. हे दफ्तरातून रिटायर झाल्यापासून दिवसभर पेपर वाचतात, पेपर खाली ठेवला नाही पण पान पण उलटलं नाही.

म्हणाले, "कायले सांगतं आता? वसंताची छाती बरी होणार हाय का त्यानं?"

म्हटलं सईदाचं काय. म्हणाले तिला दुसरीकडे काम मिळेल, शिवणाऱ्या बाईला काम नाही असं होत नाही. मग म्हणाले, हळूच, की वसंताला कळलं तर तो या घरात पाणी प्यायचा नाही. एकच भाऊ आहे मला.

हे मला सुचलं नव्हतं. आता तेच सुचतं.

४ नोव्हेंबर
दिवाळी झाली. चकल्या तेल प्यायल्या. भाऊबीजेला सुनंदाच्या भावांना जेवायला बोलावलं होतं, ते व.भा.ना पाहून खाली ताटाकडे बघत जेवले.

आज मिश्राजींनी बोलावलं. पाती तोलत होते. मी आज सांगायचंच असं ठरवून गेले होते, रस्त्यात वाक्य पण जुळवलं होतं, हिंदीत. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, दीदी, वसंतचा विचार करतोय. इतक्या वर्षांचा माणूस, असं सोडून कसं देऊ. शिलाईला बसवू का? बसून काम, कापडाला धूळ नसते. सईदाची मशीन रिकामीच आहे. तुम्ही शिकवाल?

काट्याच्या दोन्ही ताटल्यांत एकेक पातं होतं, काटा मधोमध उभा. मी त्याच्याकडे बघत राहिले.

म्हटलं, शिकवीन.

मग म्हणाले तुम्ही कशाला आला होता? म्हटलं सुया पाहिजेत. कपाटाची किल्ली दिली त्यांनी. म्हणाले ठेवून घ्या तुमच्याकडेच, रोज कुठे मागत बसता.

किल्ली आता माझ्या कमरेला आहे.

१२ नोव्हेंबर
व.भा. शिकतात. मोठे हात, पण मशीनवर चालायची सवय आहे, घाई करत नाहीत. एकसारखं चालतात. माझ्यापेक्षा सरळ शिलाई येईल महिन्यात.

मी खेकसते त्यांच्यावर. कापड असं धरा, तसं नाही. चकाकी दिलेली बाजू बाहेर, धूळ घसरली पाहिजे. तीन शिलाया. तीन म्हणजे तीन. दोन शिवून थांबले तर मी अशी ओरडले की मिश्राजी बाहेर आले. व.भा. हसले, "वहिनी, चौथीतल्या मास्तरीणबाई झालात." मग खोकला आला. हसले की येतो.

धागा लाल. सईदाचीच रिळं संपवतायत. आतलं ते सुती रीळ मी शिकवायच्या पहिल्या दिवशीच काढून नेलं होतं घरी. कुठं ठेवू कळेना, डाळीच्या डब्यामागं ठेवलंय.

भिंतीवर पिशवी.

२४ नोव्हेंबर
सईदाच्या घरी गेले. अयोध्या नगरमध्ये एक खोली आहे तिची, नवरा भाजीची गाडी लावतो. जाताना रव्याचे लाडू नेले. बेशरम आहे मी.

तिनं मशीन घरी घेतली आहे, पायाची, जुनी. साडीला फॉल लावते. गुडघ्यावर गरम पट्टी बांधलेली. मला बघून उठली, चहा ठेवला, मुलीला स्टूल आणायला पाठवलं शेजारी. माझ्यासाठी. मी खालीच बसते म्हटलं तर ऐकेना.

म्हणाली, ऐकलं तुमचे देवर बसतात माझ्या मशीनवर. मी म्हटलं हो. मला वाटलं आता बोलेल काहीतरी. म्हणाली बरं झालं, घरचा माणूस बसला. त्यांना सांगा पायाखालचा पट्टा उजवीकडून दाबायचा, मधे दाबला तर सुई अडकते. मी कागद घडी करून घातला होता खाली, तो निघाला असेल.

मग चहा झाल्यावर विचारलं. "दीदी, मैंने वो थैली देखी भी नहीं. लाल धागा था, सूती था, इतना सुना. सूती तो मैं सिर्फ खोल पे चलाती हूँ. किसने सी होगी? तुमको कुछ पता है?"

मी म्हटलं, "नहीं."

एवढंच. नहीं. सहा वर्षांत तिच्याशी किती बोलले असेन, किती भांडले असेन. खोटं एकदाच बोलले आणि तेवढंच.

लाडवांचा डबा तिनं रिकामा परत दिला नाही. त्यात शेंगदाण्याची चिक्की घातली. बसमध्ये डबा मांडीवर होता, गरम लागत होता. चिक्की गरम नव्हती, मला माहीत आहे.

२५ नोव्हेंबर
व.भा.ना पट्ट्याचं सांगितलं. उजवीकडून दाबा. म्हणाले तुम्हाला कसं कळलं? सईदा म्हणाली म्हटलं. माझ्याकडे बघितलं. सुनंदा त्या बाईला रोज शिव्या घालते आणि वहिनी तिच्याकडे जाऊन येते, असंच वाटलं असेल. मग उजवीकडून दाबून बघितलं.

३ डिसेंबर
नवी मशीन, बारा पिशव्या. व.भा. सहा, मी सहा. चाकाची पाती तोलून झाली, रबराची झालर लागली, कडेची लोहचुंबकं लागली, म्हणजे दाणे बाहेर सांडले तरी उचलले जातील. मशीन छान बांधतात मिश्राजी. सगळ्या गोष्टीला दुसरी गोष्ट ठेवली आहे, दाणा निसटला तर चुंबक, धूळ निसटली तर झालर. पिशवीच्या मागं मात्र काही नाही. पिशवीच्या मागं माणूस.

मिश्राजींना मी म्हटलं पंख्याच्या तोंडाला पाइप जोडून हवा पार इमारतीच्या बाहेर सोडा, तळघरात नको. म्हणाले खर्च आहे पण ठीक आहे, अक्कल आली आपल्याला. आपल्याला म्हणाले.

सुनंदाकडे दळण घेऊन गेले होते. व.भा. जिना चढून येत होते. दोन मजले, तीनदा थांबले. वर येऊन म्हणाले, वहिनी आलात? बसा. मग बराच वेळ काही बोलता आलं नाही, हातानंच बसा बसा करत होते.

९ डिसेंबर
दुपारी व.भा. जुन्या पिशव्या बघत होते, सईदानं शिवलेल्या, सुट्या पडलेल्या. म्हणाले हिची शिलाई सरळ सुरू होते आणि शेवटी गाठ. तुमची तीन मागं, मग पुढं. मला तुम्ही तीन मागंच शिकवलं. तिला पण तुम्हीच शिकवलं ना?

म्हटलं शिकवलं. तिनं घेतलं नाही. ती आपलंच करायची.

"कधीच नाही घेतलं?"

"कधीच नाही."

म्हटल्यावर मला कळलं मी काय म्हटलं. सुई चालूच ठेवली. पिशवी संपली तरी चालू होती, हवेत.

व.भा.नी वर बघितलं नाही भिंतीकडे. माझी नजर मात्र गेली. त्यांनी ते बघितलं की नाही

११ डिसेंबर
काल दिवसभर काही नाही. काम. डबा. सुनंदानं मेथीची भाजी दिली होती माझ्यासाठी पण. ह्यांना विचारलं, वसंत काही बोलला का तुम्हाला. नाही म्हणाले. म्हणाले तू काही बोलली तर नाहीस? म्हटलं नाही. म्हणजे बोलले. म्हणजे कळत नाही.

आता मला वाटतं मुद्दामच बोलले असेन. तोंडानं धाडस नाही म्हणून असं. किंवा हे मी आता लिहून स्वतःला बरं म्हणवून घेते. तीन महिने झाले, दुसऱ्यानं पकडावं म्हणून वाट बघणं याला कबूल करणं म्हणत नाहीत.

१४ डिसेंबर
मिश्राजी लवकर गेले. मी रिळं आवरत होते. व.भा. उठले, खिळ्यावरून पिशवी काढली. इतके दिवस लटकलेली, झटकल्यावर अजून धूळ निघाली. मी म्हटलं तोंड बांधा. त्यांनी रुमाल बांधला, माझं ऐकून.

टेबलावर पसरली. उलटी केली. शिलाई खालून उघडी होती, वरचा भाग धड होता, जिथून सुरू केली तिथला. तिथं बोट ठेवलं. मोजलं नाही, नुसतं बोट फिरवलं, मागं, मग पुढं. आंधळा माणूस वाचतो तसं.

मी उभीच. आता विचारतील. मी सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते, सुई तुटली, किल्ली नव्हती, घरी महालक्ष्म्या होत्या, सगळं तोंडाशी होतं. आणि सगळं ऐकायला कसं लागेल ते पण कळत होतं. सोळा भाज्यांसाठी.

त्यांनी विचारलंच नाही. पिशवीची घडी घातली. नीट, मी शिकवली तशी, तळ आत, तोंड वर.

म्हणाले, "वहिनी, सईदाबाईंचं घर तुम्हाला माहीत आहे. उद्या रविवार. जाऊन येऊ."

म्हटलं, "भाऊजी, तुमची जागा आहे ती. तिथं गेलं की मग"

"मशीनचं नंतर बघू."

मग खोकला आला त्यांना, बराच वेळ. मी पाणी दिलं. घेतलं त्यांनी पाणी. माझ्या हातचं. ह्यांना सांगायला पाहिजे.

जाताना पिशवी डब्याच्या थैलीत घातली. खिळा भिंतीवर तसाच आहे.

१५ डिसेंबर, सकाळी
दहाला निघायचं. सुनंदा येते म्हणत होती, व.भा.नी नको म्हटलं. तिला काय कारण सांगितलं माहीत नाही.

डाळीच्या डब्यामागून ते सुती रीळ काढलं. माझ्या हातातल्या पिशवीत टाकलं. तिचंच आहे.

बसनं जाऊ म्हणाले, मी ऑटो ठरवला, धूळ असते रस्त्याला. आत गेल्यावर आधी तोंड कोण उघडणार ते आमचं बोललं गेलं नाही. व.भा. उघडणार नाहीत. त्यांना ओळखते मी, ते स्टुलावर बसतील, दम खातील आणि माझ्याकडे बघतील.

ऑटो आला. हॉर्न वाजवतोय मेला.